ह्यो आपला न्हाई

सांगलीचं एक खचाखच भरलेलं नाट्यगृह मी तीन मिनिटांत सुखरूप रिकामं केलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. अडचण एवढीच होती, की त्या दिवशी भूकंप झालेला नव्हता.

हे सांगितलं की लोक समजूत घालतात, "अहो, होतं माणसाकडून." होत नाही! माणसाकडून दूध उतू जातं, इस्त्रीनं साडी जळते. नाट्यगृह रिकामं होत नाही. त्याला प्रशिक्षण लागतं. आणि ते मी घेतलेलं होतं. सरकारी, तीन दिवसांचं, चहा-पोह्यांसकट.

आम्ही तेव्हा कोयनानगरच्या कॉलनीत राहत होतो. हे (म्हणजे माझे यजमान) धरणाच्या वर्कशॉपात फिटर आणि मी कॉलनीतल्या शाळेत शिक्षिका. भूकंप आमच्याकडे शेजारच्या मांजरासारखा यायचा. न विचारता यायचा, दोन भांडी पाडायचा आणि निघून जायचा. घरात जड वस्तू वरच्या फळीवर ठेवायची नाही, आणि कपाटावर तांब्या ठेवून त्यावर पेला पालथा घालायचा, हे आमच्याकडे नव्या सुनेला पहिल्या दिवशी सांगत. पेला खणकन पडला, की अंगणात यायचं. मग अंगणातच चहा व्हायचा आणि हादरा किती रिश्टरचा होता यावर पैजा लागायच्या. यात ह्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. झोपेतून डोळेही न उघडता "तीन-दोन" म्हणायचे आणि कूस बदलायचे. दुसऱ्या दिवशी रेडिओवर तीन-दोनच सांगत!

माझ्या सासूबाईंची, आत्याबाईंची, पद्धत वेगळी. त्यांना रिश्टर-बिश्टर ठाऊक नव्हता. कोयनेच्या त्या जुन्या मोठ्या भूकंपात त्यांच्या घराची भिंत पडली ती बाहेरच्या अंगाला पडली, म्हणून त्या वाचल्या होत्या. तेव्हापासून जगातल्या सगळ्या हादऱ्यांचे त्यांनी दोन भाग केले होते: आपला आणि परका.

"आपला कसा," त्या सांगायच्या, "आदी भुईत गुरगुरतो, मंग हालतो. खानीतला सुरुंग नुसताच हालतो, त्यो परका. परक्याला काय भ्यायचं?"

मी हसायचे. माझ्याकडे सर्टिफिकेट होतं. शिवाय लाल दोरीतली शिट्टी होती, आणि ती माझ्या पर्समध्ये बारा महिने असायची. पहिली शिट्टी: हातातलं टाका. दुसरी शिट्टी: डोक्यावर हात. तिसरी शिट्टी: रांगेनं मैदानात. माझा वर्ग चाळीस सेकंदांत मैदानात उभा असायचा. साहेब मंडळी घड्याळ लावून बघायला यायची.

आता मूळ दुखण्यावर येते. ते म्हणजे माझी मुलगी मुक्ता, वय वर्षं अकरा.

मुक्ताला गाण्याची आवड होती आणि मला तिच्या गाण्यातून उठण्याची सवय. पहिल्या वर्षी ती गॅदरिंगमध्ये स्वागतगीत म्हणत होती, तेव्हा शाळेच्या टाकीचा नळ वाहताना दिसला म्हणून मी उठले. दुसऱ्या वर्षी तिच्या भक्तिगीतात मला आठवलं, की गॅस चालू राहिलाय. (राहिला नव्हता.) तिसऱ्या वर्षी तर तिनं तोंड उघडलं आणि भूकंपाची रंगीत तालीम सुरू झाली. ती तारीख मीच ठरवलेली होती! त्यानंतर मुक्ता घरात गाईनाशी झाली.

त्या उन्हाळ्यात ती सांगलीला माझ्या ताईकडे सुट्टीला गेली होती. सांगलीत दगड भिरकावला तरी तो नाटकवाल्याला लागतो. ताईच्या गल्लीतही एक नाना होते. बँकेतून निवृत्त झालेले आणि बालनाट्याचं वेड लागलेले. गल्लीतल्या पोरांनी कुठल्याशा परदेशी कार्टून सिनेमाची कॅसेट व्हीसीआरवर घासून घासून बघितली होती. इंग्रजी ओ की ठो कळत नसताना पोरांना तो अख्खा पाठ होता. नानांनी त्याचं मराठी संगीत नाटक केलं. पेटी, तबला, ढोलकी, एक नवाकोरा कीबोर्ड आणि चोवीस पोरं.

गोष्ट साधीच होती. दणदण्या नावाचा एक राक्षस असतो. स्वभावानं गरीब, पण चालला की जमीन हादरते. त्याला नाचायची हौस. तो नाचला की गावातली घरं पडतात, म्हणून गावकरी त्याला हाकलून देतात. शेवटी तो रागानं गाव तुडवायला येतो आणि पाय उचलतो. त्या पायाखालच्या वारुळातून एक मुंगी बाहेर येते आणि चार ओळी गाते. त्या ऐकून दणदण्या पाय तसाच वर धरतो आणि नाटक संपतं.

ती मुंगी म्हणजे मुक्ता.

तिनं शेजाऱ्यांच्या फोनवर फोन केला. "आई, नाटकभर मी वारुळात बसलेली असते. एकदाच बाहेर येते. अगदी शेवटी."

"बरं."

"चारच ओळी आहेत. एक मिनिटसुद्धा नाही."

"बरं, येतो आम्ही."

"येशील गं. पण मधेच उठायचं नाही."

"मी कशाला उठेन?"

 पलीकडे नुसते एसटीडीचे सेकंद पळत होते.

"शब्द देते," मी म्हणाले. "काहीही झालं तरी उठणार नाही."

रविवारी पहाटेची एसटी धरली. घाटात आत्याबाईंना लिंबू हुंगवत, कऱ्हाडला गाडी बदलत, दुपारी सांगली गाठली. पाचवी रांग, कडेच्या खुर्च्या. ह्यांची रात्रपाळी झाली होती, त्यामुळे ते नांदीलाच झोपले. आत्याबाईंनी मांडीवर भाकरीचं गाठोडं ठेवलं आणि नाटक नीट डोळे फाडून बघितलं. गावकऱ्यांनी राक्षसाला हाकललं तेव्हा त्या मोठ्यानं म्हणाल्या, "नाचू द्या की वो त्येला! येवढं काय?" आजूबाजूचे हसले. मी त्यांचं कोपर दाबलं. तोपर्यंत घराण्याची अब्रू माझ्यामुळे नाही, त्यांच्यामुळे जाईल असाच माझा हिशेब होता.

एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. (ती ठाऊक असती तर हा लेखच झाला नसता.) नानांचे मेहुणे बांधकामाचे ठेकेदार होते. राक्षसाचं पाऊल प्रेक्षकांना नुसतं ऐकू येऊन भागणार नाही, ते बुडाला जाणवलं पाहिजे, असं नानांच्या मनानं घेतलं होतं. कार्टूनमध्ये पडदा हलतो, मग नाटकात खुर्ची का हलू नये? नाट्यगृह जुनं होतं आणि पुढच्या दहा रांगांखाली लाकडी फळ्यांची जमीन होती. मेहुण्यांनी स्लॅब भरताना काँक्रीट बसवायला वापरतात ते दोन व्हायब्रेटर आणले, आणि एक रंगमंचाखाली, एक आमच्या खुर्च्यांखाली जुंपून दिला.

शेवटचा प्रवेश आला. दिवे मंदावले. ढोलकी वाजली. दणदण्या विंगेतून निघाला, आणि माझ्या तळपायांना मुंग्या आल्या.

कोयनेच्या माणसाच्या तळपायाला मेंदू असतो. तो डोक्यातल्या मेंदूला विचारत बसत नाही. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. आमचे नेहमीचे हादरे चारला संपतात. चार. पाच. पर्समधली शिट्टी हातात कधी आली ते कळलं नाही. सहा. सात. रंगमंचावरचं कापडी वारूळ हललं, त्यातून दोन तारा आणि त्यांच्या टोकाला थर्माकोलचे दोन गोळे वर आले. माझी मुक्ता! आठ. शब्द दिला होता, आठवत होता. नऊ!

नवाला मी उठले.

पहिली शिट्टी वाजवली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या!

"काय कल्पना आहे बघा," मागून कोणी म्हणालं, "प्रेक्षकांतून पोलीस आणलाय!"

दुसरी शिट्टी. आणखी टाळ्या. मग मात्र मी खुर्चीवर चढले आणि पटांगणातल्या पाचशे पोरांना ऐकू जाणाऱ्या आवाजात तो एक शब्द उच्चारला. नुकतीच एका रात्रीत गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली होती, त्यामुळे त्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रात तो शब्द कोणी मजेत उच्चारत नव्हतं. टाळ्या जागच्या जागी थांबल्या.

"पळायचं नाही! डोक्यावर हात! कडेच्या रांगा आधी! अहो काका, चपला राहू द्या! वहिनी, डबा सोडा, मूल घ्या!"

लोक उठले आणि खरं सांगते, काय शिस्तीत गेले! माझा वर्गसुद्धा इतका चांगला कधी गेला नव्हता. वादक पेटी सोडून गेले. गावकरी, ढग, झाडं, सगळी पोरं डोक्यावर हात ठेवून रांगेनं गेली. मी मुंगीला दंडाला धरून उचललं. ती काहीतरी ओरडत होती. भीतीनं ओरडतेय, असं मला वाटलं.

आत्याबाई उठल्या नाहीत.

"आत्याबाई, चला!"

"आगं बस की," त्या भाकरी मोडत म्हणाल्या. "ह्यो आपला न्हाई."

"आता वाद नको!"

"नुसताच हालतोय गं. गुरगुरला कुटं? ह्यो आपला न्हाई, मी सांगते तुला."

मी आधी गर्दी बाहेर काढायची ठरवली. नियमच तसा आहे. तीन मिनिटांनी नाट्यगृहात फक्त दोन माणसं उरली होती: आत्याबाई जेवत होत्या आणि हे झोपले होते.

ह्यांच्या झोपेवरून मला कळायला हवं होतं. जो माणूस दोन रिश्टरलासुद्धा झोपेत आकडा सांगतो, तो इतक्या मोठ्या हादऱ्यात घोरतोय! पण तेवढा विचार तळपायातल्या मेंदूला झेपत नाही.

बाहेर अंगणात सगळं सांगली शहर उभं असल्यासारखं वाटत होतं. नाना धोतर सावरत आले.

"भूकंप कोण म्हणालं?"

आठशे बोटं माझ्याकडे वळली.

"बाई, तुम्ही कुठल्या?"

"कोयनानगरची," मी म्हणाले.

गर्दीतून एक आदराचा हुंकार उठला. नानांनी कपाळावर हात मारून घेतला. मेहुण्यांना हाक मारली, खालून तो व्हायब्रेटर ओढून आणला आणि सगळ्यांसमोर अंगणात चालू करून दाखवला. तो फरशीवर बेडकासारखा उड्या मारायला लागला.  मी हात जोडले. "चूक झाली. माझी चूक झाली. सगळ्यांनी आत चला."

कोणी हललं नाही!

"असं कसं?" एक टोपीवाले गृहस्थ म्हणाले. "कोयनेच्या बाई हायत त्या. त्यांना कळत नाय व्हय? ह्ये मशीन काय, कुनीबी दाखवंल."

"अहो, मीच सांगते आहे, की भूकंप नव्हता!"

"लोकांनी घाबरू नये म्हनून म्हनत्यात," गृहस्थांनी बाकीच्यांना समजावलं. "साहेबांचा हुकूम असतोय तसा."

मग मागून कोणीतरी विचारलं, "पर कोयनेच्या बाई हितं कशापायी आल्यात? धरनाला काय झालं न्हवं?"

झालं! कोयनेचं पाणी कृष्णेत येतं आणि कृष्णा सांगलीच्या उशाशी. पाच मिनिटांत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथपुढे रांग लागली. मी नाट्यगृहाच्या पायरीवर उभी राहून ओरडत होते, की धरण जागेवर आहे, मी सकाळीच बघून आले, भिंतीला तडासुद्धा नाही. तेवढ्यानं उरलेली निम्मी गर्दी पांगली. जी बाई सकाळी धरणाची भिंत बघून सांगलीला येते, ती उगीच येईल?

दारात मुक्ता उभी होती. अंगाला काळं कापड, कमरेला ह्यांच्या जुन्या मोज्यांत चिंध्या भरून केलेले चार जादा हात. चारही लोंबत होते. खरे दोन त्यांच्याहून जास्त लोंबत होते.

ती रडली नाही. रडली असती तर मी डोळे पुसले असते. ते मला जमतं.

"आई," ती म्हणाली, "तू उठलीस."

ती आमच्याबरोबर परत आली नाही. "सुट्टी संपेपर्यंत मावशीकडेच राहते," म्हणाली. एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसले. पलूस गेलं, कुंडलचा फाटा गेला. कऱ्हाडच्या अलीकडे आत्याबाई म्हणाल्या, "म्या सांगितलं हुतं." पाटणला म्हणाल्या, "तरी म्या सांगितलं हुतं." घाटात लिंबू हुंगताना मात्र बोलल्या नाहीत, कारण बोलता येत नव्हतं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी मोजून काढले. कॉलनीत येणारा जाणारा प्रत्येक जण विचारत होता, "बाई, सांगलीला किती रिश्टरचा झाला?" मुक्ताची पत्रं यायची, पण त्यांवर माझं नाव नसायचं. शेवटचं कार्ड अजून माझ्याकडे आहे. 'ती. बाबा व ती. आजी यांस सा. न. वि. वि. आमच्या नाटकाचा दुसरा प्रयोग साताऱ्याला आहे, रविवारी दुपारी. तुम्ही दोघं या. आईला शाळेचं काम असेल.' 'असेल' या शब्दाखाली रेघ होती. पट्टी धरून मारलेली.

मे महिन्यात शाळेचं काम! आणि ते पोरीनं मला सुचवलेलं!

मी भाजी चिरायला घेतली. कांदा नव्हता, गवार होती, म्हणून डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कोणाला सांगता आलं नाही.

"जानार हायस का न्हाई?" आत्याबाईंनी विचारलं.

"तिनं बोलावलेलं नाही."

"न्हाई बोलावलं तरी लेक हाय तुजी. मागं बस, तोंड झाकून बस, पर बस. उठलीस तर म्या सवता धरून बसवीन."

साताऱ्याला गेलो. दारातच एक मुलगी माझी वाट बघत उभी होती. तिच्या हातात माझं वर्णन लिहिलेला कागद होता. "मावशी, शिट्टी जमा करा. नानांनी सांगितलंय." मी शिट्टी दिली. तिनं मला चपलांच्या स्टँडवर देतात तसा बिल्ला दिला. नंबर एक. (दुसरा नंबर मागायला कोणी शिट्टी घेऊन आलं नव्हतं.) जागा शेवटच्या रांगेत. ह्यांना एका बाजूला बसवलं, आत्याबाईंना दुसऱ्या. हे झोपले.

मी मला चांगली ओळखते. शब्द मी मागच्या वेळीही दिला होता, त्यामुळे या वेळी शब्दावर विसंबायचं नाही असं ठरवलं होतं. पडदा वर गेल्यावर मी साडीचा पदर घेतला आणि खुर्चीच्या हाताला बांधला. सुरगाठ मारली असती तर एका हिसक्यात सुटली असती. म्हणून निरगाठ मारली. वर आणखी एक निरगाठ मारली.

"ह्ये काय करतीस?" आत्याबाईंनी विचारलं.

"काही नाही. पदर पडतोय."

मध्यंतरात वडे खायलासुद्धा मी उठले नाही. उठता येत नव्हतं.

शेवटचा प्रवेश. दिवे मंदावले, ढोलकी वाजली, दणदण्या विंगेतून निघाला. आता व्हायब्रेटर लागणार म्हणून मी दात आवळून बसले. वारुळातून थर्माकोलचे दोन गोळे वर आले. मुंगी बाहेर आली. राक्षसानं पाय उचलला.

आणि खुर्ची हलली.

'आला व्हायब्रेटर,' मी मनात म्हणाले. या वेळी मेहुण्यांनी फार सुरेख जमवलं होतं. आधी खालून, लांबून, पोटात जाणारा आवाज, मग हादरा. वरच्या पंख्याचे दांडेसुद्धा झुलत होते. नाटकातला खर्च वाढवलेला दिसतोय, मला वाटलं.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "रंजे, ऊठ."

"गप्प बसा हो."

"आगं, ऊठ! गुरगुरला! ह्यो आपला हाय!"

"मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात ना, आपला न्हाई?"

"त्यो न्हवता! ह्यो हाय!"

पुढच्या रांगांतली माणसं उठायला लागली. एक बाई किंचाळली. मला तो सांगलीचा प्रसंग आठवला. पुन्हा तेच! पुन्हा माझ्या पोरीच्या चार ओळी जाणार! मी बसल्या जागेवरून, वर्गात लावते तो आवाज लावला.

"बसा खाली! सगळे बसा! नाटकातलं आहे ते! खाली स्लॅबचं मशीन लावलंय! मी स्वतः बघितलंय!"

आणि माणसं बसली! माझ्या आवाजात काय आहे देव जाणे. मी उठा म्हटलं की माणसं उठतात, बसा म्हटलं की बसतात, फक्त दोन्ही वेळेला उलट सांगते.

रंगमंचावर मात्र कोणी माझं ऐकलं नाही. गावकरी विंगेत पळाले. पेटीवाले टेबलाखाली गेले. दणदण्या झालेला, कुस्तीच्या तालमीतला धिप्पाड गडी फोमचा पाय तिथंच टाकून एका पायावर उड्या मारत पळाला. मागे उरली एकटी मुंगी.

मुक्तानं सगळ्या नाट्यगृहावरून नजर फिरवली आणि शेवटच्या रांगेत आणली. मला तिनं कधी बघितलं होतं कोण जाणे. मी जागेवर बसलेली होते. घट्ट. तिनं दोन पावलं पुढे टाकली, टाकून दिलेल्या त्या फोमच्या पायासमोर उभी राहिली आणि गायला लागली. पेटी नाही, तबला नाही.

हळू ठेव रे पाऊल दादा,
खाली माझं घर आहे,
तुझ्या एका पावलाखाली
माझं सगळं शहर आहे.

आवाज जरा कापला. मग कापायचा थांबला.  तिसरी ओळ चालू असताना माझ्या डाव्या खांद्यावर काहीतरी हललं. हे झोपेत कूस बदलत होते.

"चार," ते डोळे न उघडता म्हणाले. "चारच्या वरच."

 पंख्याचे दांडे झुलत होते ते मी बघितले होते. व्हायब्रेटरनं पंखे झुलत नाहीत! आवाज आधी आला होता, हादरा नंतर. आणि मी, तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली, शिट्टी नंबर एक, एवढ्या माणसांना खऱ्या भूकंपात खाली बसवून ठेवलं होतं! पहिला हादरा थांबला की ताबडतोब बाहेर पडायचं, हा नियम मी फळ्यावर शंभर वेळा लिहिलेला होता.

मी ताडकन उठले.

म्हणजे उठायला गेले. पदराची निरगाठ होती. वर दुसरी निरगाठ होती. जेवढ्या जोरात उठले तेवढ्याच जोरात खुर्चीत परत आदळले. पुन्हा उठले, पुन्हा आदळले. चौथी ओळ संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं बसणं-उठणं टाळ्यांच्या तालावर चाललं होतं, त्यामुळे शेजारच्या रांगेतल्यांना वाटलं, की बाई भारावून गेल्यात.

शेवटी आत्याबाईंनी भाकरीच्या गाठोड्यातला कांदा चिरायचा चाकू काढला आणि माझा पदर कापला. "बाहीर चला सगळी!" त्या ओरडल्या. "खरा हाय! आपला हाय!" त्यांच्याकडे ना शिट्टी ना सर्टिफिकेट. लोक गेले. दुसरा हादरा आला नाही. साताऱ्यात कुठं चार कौलं घसरली असतील तेवढीच. कोणाला काही झालं नाही.

बाहेर नाना भेटले. ते माझे पाय धरायचे बाकी होते.

"बाई, मानलं तुम्हाला! तुमच्या त्या प्रकारानंतर मी ते मशीन काढूनच टाकलं होतं. आज नुसती ढोलकी होती. मी स्वतः पळालो, आणि तुम्ही खऱ्या भूकंपात बसून राहिलात, लोकांना धीर दिलात!"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मुक्ता धावत आली आणि सहाच्या सहा हातांनी मला मिठी मारली. अशी मिठी जन्मात पहिल्यांदा.

"आई, तुला कळलं होतं ना खरा आहे ते? तुला तर कळतंच. तरी तू उठली नाहीस!"

मी तोंड मिटलं. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, फाटक्या पदराकडे बघितलं, आणि पान काढून चुना लावायला घेतला.

त्यानंतर आत्याबाई दहा वर्षं जगल्या. डॉक्टरांनी त्यांना साखर बंद केली होती. पण दुपारच्या चहाला मी बिनसाखरेचा कप पुढे केला, की त्या शांतपणे विचारायच्या, "पोरीला सांगू काय, पदराचं?" आणि मी दोन चमचे साखर घालायचे.

मुक्ता आज पुण्याला लहान मुलांना गाणं शिकवते. तिच्या वर्गात पालक मधेच उठले, की ती त्यांना आमचं साताऱ्याचं नाटक सांगते. माझी आई खऱ्या भूकंपातसुद्धा माझ्या गाण्यातून उठली नाही, म्हणते. मायेच्या गाठीनं तिला बसवून ठेवलं, म्हणते. पालक डोळे पुसतात. मी समोर असले तर माझ्याकडे बघून हातही जोडतात.

मी पदर सारखा करते. गाठीपुरतं तिचं बरोबर आहे.